कुठं दुखतंय

गोकुळ : दार लोटून घ्या सर. तमाशा नाही पाह्यजे मले.

सर : दार उघडंच राहील. वर्गाचं दार आहे. आधी पूनमचं मनगट सोड.

गोकुळ : बहीन हाय माही.

सर : म्हणूनच सांगतोय. पूनम, तू त्या खिडकीपाशी बस. बाकीची पोरं राजकुमारला घेऊन दवाखान्यात गेली, आता आपण तिघंच आहोत. गोकुळ, हातात काय आहे ते?

गोकुळ : फावड्याचा दांडा.

सर : आणि त्याला लागलंय ते?

गोकुळ : इच्यारता कायले? फाटकातच गाठला तुमच्या राजकुमारले. पाडला, उठला, पुन्हा पाडला. रडला नाही बेटा. म्हने, दादा, तोंडावर नोका मारू, सोमवारी तोंडी परीक्षा हाय. हसूच आलं मले.

सर : मग?

गोकुळ : मंग काय. तोंडावरच देल्ला.

पूनम : सर, त्याचा जबडा एका बाजूला गेला होता. दात त्यानं मुठीत धरले होते. रिक्षात घातला तरी मूठ उघडत नव्हता.

गोकुळ : तू चूप बैस. तुही पाळी यायचीच हाय.

सर : तिच्याशी नाही, माझ्याशी बोल. कशासाठी आलास?

गोकुळ : हा पाहा हिचा मोबाईल. रोज त्याचा आवाज येते याच्यात. तो इच्यारते, हे उत्तर देते. घरात कोनाले समजू नाही म्हनून जर्मन भाषेत. पाटलाची पोरगी आन तो कलाबाईचा पोट्टा. तो कोनत्या वस्तीतला हाय ते तुमाले माहीत हाय.

सर : मला त्याचं अक्षर माहीत आहे. वर्गात सगळ्यांत सुरेख.

गोकुळ : तुमीच शिकवलं, आता तुमीच अर्थ सांगा. संध्याकाळी काकासमोर उभं राहाचं हाय मले. कायले मारला ते सांगा लागन. घान निंघाली तं हिचाबी हिशोब इथंच करतो.

सर : आणि नाही निघाली तर?

गोकुळ : लावू का?

सर : लाव. ओळ न ओळ सांगतो. सातवीत तुला शिकवताना कधी खोटं सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. हां. तो म्हणतोय, तुझं नाव काय? ती म्हणते, पूनम. राहतेस कुठं? डोणगावला. काय हवंय? एक किलो टमाटे.

गोकुळ : टमाटे?

सर : टमाटे. पिशवी नको, माझी आणली आहे, असं म्हणाली. तिकडं पिशवी घरून न्यायची रीत आहे.

गोकुळ : काई तरी इशारा असन याच्यात.

सर : चौथा पाठ आहे. ते पुस्तक घे, टमाट्यांचं चित्रसुद्धा आहे. घे ना. नाही? बरं, पुढचं लाव.

गोकुळ : हे परवाचं हाय. रातच्याला आलतं. हे ऐका. वो टूट, वो टूट करून राह्यला.

सर : वो टूट एस वे. कुठं दुखतंय? डॉक्टर आणि पेशंटचा पाठ. राजकुमार डॉक्टर, पूनम पेशंट. परीक्षेत जोडीनं म्हणावा लागतो.

गोकुळ : आन हे? इथं हसून राह्यली का हे?

सर : नाही. श्वास अडकलाय तिचा. ती म्हणते, डोकं दुखतंय. पुढं म्हणते, हात दुखतोय. पाठ दुखतेय. कान दुखतोय, एका बाजूनं ऐकू येत नाही.

गोकुळ : हे बी पुस्तकात हाय?

सर : डोकं आहे.

गोकुळ : बाकीचं?

सर : पुढं ऐक. तो विचारतो, कधीपासून? ती म्हणते, झाइट झोनटाग. रविवारपासून.

गोकुळ : बंद करा ते.

सर : फोन तुझ्या हातात आहे.

गोकुळ : रविवारी हे मोरीत घसरून पडली होती.

सर : पूनम, पडली होतीस?

गोकुळ : सांगतलं ना मी, पडली.

सर : मी तिला विचारलं. फळ्यावर बघ, सकाळी लिहिलंय, अजून पुसलं नाही. तिकडं डॉक्टर पेशंटलाच विचारतो. सोबत आलेल्या भावाला नाही, नवऱ्याला नाही. आपल्याकडं बाईनं तोंड उघडायच्या आधी सोबतचा माणूस सांगून मोकळा होतो. ही सवय मोडायला मला या वर्गात सगळ्यात जास्त वेळ लागतो. पूनम, तू सांग. सावकाश.

पूनम : मी पडली नाही सर.

गोकुळ : पूने.

पूनम : बस चुकली होती माही. घरी यायले उशीर झाला. आधी पट्ट्यानं मारलं. पट्ट्याचं बक्कल तुटलं, मंग दांडा घेतला. हाच दांडा.

(दांडा उगारला जातो. बाक उलटतो.)

पूनम : सर! सर, तुमचा हात.

सर : असू दे. तू माझ्या मागंच थांब. हलू नको.

गोकुळ : तुमाले नव्हतं मारायचं मले. काऊन आले तुमी मधात?

सर : उजवा गेला. डावा आहे अजून. बाकी असेल तर मार.

गोकुळ : बाजूले व्हा सर. पाया पडतो तुमच्या.

सर : होत नाही.

गोकुळ : हाड वाजलं. मी आयकलं.

सर : मीही ऐकलं. गोकुळ, सातवीत तुझ्या पाठीवर वळ असायचे. मी विचारायचो, कुठं दुखतंय रे?

गोकुळ : मी म्हनो, पडलो.

सर : दर आठवड्याला पडायचास. एकदा घरी आलो तर तुझे वडीलही तेच म्हणाले. पोरगं धडपडतं म्हणे. तू त्यांच्याशेजारी मान खाली घालून उभा होतास. तुला कोणी विचारूच दिलं नाही मला.

गोकुळ : बापाचं नाव नोका काढू.

सर : नाही काढत. दांडा खाली ठेव.

गोकुळ : त्या रेकार्डिंगमधी एक ओळ राह्यली. शेवटची. गुटे का काय म्हनला तो. ते सांगा आधी.

सर : गूटे बेसरुंग.

गोकुळ : म्हंजे?

सर : लवकर बरी हो. पाठ तिथं संपतो.

गोकुळ : बस?

सर : बस. एवढंच म्हणाला तो. काकांना हेच सांग.

गोकुळ : पूने, तुले दुखत होतं तं मराठीत सांगाचं कोनाले. त्याले कायले सांगतलं? जर्मनीत कायले?

पूनम : मराठीत सांगतलं होतं. आईले. आई म्हने, हळू बोल, दादा आयकन. मंग राजकुमारनं पाठ सुरू केला. मी डोकं म्हनली, तेवढंच म्हनायचं होतं. बाकीचं आपोआप निंघालं. त्यानं मधात टोकलं नाही. चुकलं म्हनूनबी टोकलं नाही.

सर : चुकलं नव्हतंच. कान हा शब्द मी शिकवलाही नव्हता.

पूनम : तो मी शोधला सर.

गोकुळ : आता काय करान तुमी?

सर : ही तुमच्या घरी येणार नाही, माझ्या घरी राहील. माझी बहीण मंजुश्री तिला सोमवारी तोंडी परीक्षेला पुण्याला घेऊन जाईल. आता मी दवाखान्यात जातो. हात बांधून घेईन, राजकुमारच्या आईपाशी बसेन, मग पोलीस ठाण्यात. जे ऐकलं आणि पाहिलं ते जसंच्या तसं सांगेन.

गोकुळ : मी आत जाईन सर.

सर : हो.

गोकुळ : काका येतीन तुमच्या घरावर. चार-पाच जनं घेऊन येतीन.

सर : येऊ दे. त्यांनाही टमाट्याचा पाठ म्हणून दाखवीन. तो दांडा दे इकडं. रक्त पुसू नको.

गोकुळ : घ्या. आन हे? हे बी येईन का ठान्यात?

सर : तिला विचार.

गोकुळ : येशीन का तू?

पूनम : हाव.

गोकुळ : काय सांगशीन त्याइले?

पूनम : कुठं कुठं दुखते ते. आन कधीपासून ते.

गोकुळ : जर्मनीत?

पूनम : नाही दादा. मराठीत. आन हळू नाही.