सिनेमातला चुकीचा डायनासोर

आमच्या आईने जन्मभर कॉलेजात जीवाश्म शिकवले, हे तुम्हाला माहीतच आहे. हल्ली तिला काहीच आठवत नाही, बोलणंही जवळजवळ थांबलंय. परवा वाघोलीच्या फ्लॅटवर मी टीव्हीवर डायनासोरचा सिनेमा लावला, तर त्यातला माणसाएवढा, दोन पायांवर पळणारा शिकारी डायनासोर बघून ती एकदम म्हणाली, "साफ चूक! याला पिसं होती. यांनी सोललेली कोंबडी करून ठेवलीय. आणि खरा प्राणी माझ्या कमरेलाही लागला नसता."

मला इतका आनंद झाला! मी लगेच विचारलं, "मग ते सगळे मेले कसे गं?"

"सगळे कुठे मेले? खिडकीतला तो कावळा त्यांचाच वंशज."

मग माझ्याकडे बघून ती कौतुकाने हसली. "आपण फार लक्ष देऊन ऐकता हो. माझे विद्यार्थी का?"

मी म्हणालो, "हो, मॅडम."