शिंदीखान्याचा तहानलेला खांब

...नाही, तुम्हीच सांगा, मला, व्याख्यात्याला, नेमके या मधल्या खांबाखालीच उभे करायचे कारण काय? लातूर नवा जिल्हा झाला, मान्य. कचेऱ्यांना जागा हव्यात, तेही मान्य. पण म्हणून कचेरीचे उद्घाटन या निजामाच्या काळातल्या शिंदीखान्यात? तुम्हाला सांगतो, वास्तू मोठी विचारपूर्वक बांधलेली आहे! दार इतके बुटके की आत येणारा नमून यावा आणि झिंगून जाणाऱ्याच्या कपाळाला टेंगूळ यावे, म्हणजे घरी बायकोला विचारायचे काम नाही! खिडकी एकही नाही. आणि डोक्यावरचे मातीचे एवढे अवजड माळवद पेलतो कोण, तर हा एकटा सागवानी खांब... ऐकलेत? कर्र! खांब तहानला आहे, म्हणे!

म्हणणारी ती पाहा, दाराबाहेर उभी आहे, सरजाबाई. तिचा सासरा इथे शिंदी विकायचा. येताना मला अडवून म्हणाली, "गुर्जी, आत नका जाऊ. पैला घोट खांबाला, मंग गिऱ्हाइकाला, असा कायदा व्हता हितला. दुष्काळात शिंदीची झाडं वाळली, दुकान बसलं, खांबाला थेंब न्हाई. लई तहानलाय त्यो. आता माणूस मागून राहिलाय!" मी म्हणालो, बाई, ही प्रतीकात्मक कल्पना आहे, यावर माझा प्रबंध आहे! तर म्हणते, "हाव, पर खांबानं वाचलाय का?"

या कचेरीचे अभियंते मडिवाळप्पा तर हसले. "काय की हो सर, लाकूड हाय ते!" म्हणाले, आणि बाहेरची व्यवस्था बघायला गेले ते अजून बाहेरचीच बघत आहेत!

...ही माती माझ्याच टकलावर का पडते आहे? शास्त्रीय दृष्टीने पाहू. पिढ्यान्‌पिढ्या बुंध्याशी ओल, लाकूड फुगलेले, सांधे घट्ट. ओल संपली, लाकूड आकसले, सांधे... कर्र! म्हणजे खांब खरोखरच तहानला... नाही, नाही, धावू नका! दार बुटके आहे, एका वेळी एकच, तोही वाकून!

थांबा, टँकर न आल्यामुळे सभेत पाण्याचा एकच पेला आहे, माझा. हा ओतला बुंध्याशी. झाले? गप्प बसला ना?

काय म्हणते सरजाबाई?

"अवं गुर्जी, पाणी? त्यो पाणी पीत न्हाई!"

...कर्र.

बरे. आभारप्रदर्शन राहू द्या. दाराजवळच्या रांगेने आधी निघावे, सावकाश, वाकून. मग मधल्यांनी. मी खांबाशी, म्हणजे सर्वांत शेवटी. पहिला घोट इथे खांबाचा असे; शेवटचा घोट, असे दिसते, मीच.