कालची फोडणी

२००७ सालचा फेब्रुवारी, उत्तर जपानातल्या होक्काइदोत ऐन बर्फाचे दिवस. माझ्या मुलाची, सुधीरची, बदली कावासाकीला झाली होती. इथलं घर विकलं नाही, तर तिकडचं भाडं आणि इथला हप्ता दोन्ही त्याच्या गळ्यात. घर कारखान्यात बनवून आणून जोडलेलं, तेही जुनं.

एजंटने बजावलं होतं, गिऱ्हाईक येण्याआधी दोन दिवस घरात फोडणी नको. मी सुनेला म्हटलं, "आपण काय चोरून राहतो? घाल लसणाची फोडणी." तिने घातली.

दुसऱ्या दिवशी एक जपानी म्हातारा घर बघायला आला आणि दारातच हवा हुंगू लागला. त्याने काहीतरी विचारलं.

सुधीर मला म्हणाला, "वास कधीचा म्हणून विचारतायत. झालं समाधान, बाबा?"

"कालचा म्हणून सांग. खोटं कशाला?"

त्याने सांगितलं. म्हाताऱ्याने सगळ्या खिडक्यांच्या कडांवरून हात फिरवला आणि बराच वेळ बोलला.

"काय म्हणतो?"

"म्हणतात, असल्या घरांच्या सांध्यांतून वारा येतो. इथून कालचा वास बाहेर गेला नाही, तर थंडी आत कुठून येणार?"

"मग चहा ठेवायला सांग."

मार्चात घर विकलं गेलं आणि सुधीरने बँकेचं कर्ज फेडलं.