दोनदा मोजलेला लेगबाय

…आणि वर ही जुनी मंडळी मलाच ऐकवतात, ‘तुला काय कळणार तो काळ!’ अहो, कळत नाही म्हणूनच तर विचारत फिरतेय ना घरोघर! नाही, तुम्हीच सांगा, विभागीय क्रिकेट स्पर्धेला पन्नास वर्षं झाली, स्मरणिका काढायचं ठरलं, इतिहास लिहायचं काम कुणाच्या गळ्यात? माझ्या. का? तर मी पदवीधर, मी रिकामी आणि मी स्कोअररची भाची! माझा मामा एकेचाळीस वर्षं आपल्या संघाचा स्कोअरर. त्याचं एकच पालुपद : ‘माणसं थापा मारतात गं, वही मारत नाही!’

आणि काय वह्या त्या, तुम्हाला सांगते! एका शेऱ्यात लिहिलंय, ‘सलामीवीर रजा संपल्यामुळे कामावर परत.’ अहो, नाबाद चव्वेचाळीसवर असलेला माणूस शिफ्ट चुकेल म्हणून कारखान्यात निघून गेला! संघात पॅडचे जोड दोनच. बाद होणाऱ्याने सीमारेषेवर बसून पॅड सोडायचे, येणाऱ्याने तिथेच बांधायचे, पंच आपले घड्याळ बघत उभे! मी तेव्हा जन्मलेही नव्हते, तरी मला त्या दिवसांची आठवण येते… याला काय म्हणायचं?

तर आपण ही स्पर्धा जिंकलो किती वेळा? एकदा! पन्नास वर्षांत एकदा, अंतिम सामन्यात, पहिल्या डावातल्या एका धावेच्या आघाडीवर. त्या धावेवर आपलं अख्खं गाव आजवर छाती काढून चालतंय. म्हटलं, चला, त्या पानाची बेरीज एकेक चेंडू मोजून स्वतः करून बघू. केली. वहीत एक धाव जास्त! परत केली. परत जास्त! शेवटच्या जोडीने काढलेला एक लेगबाय, म्हणजे बॅटला नाही, पायाला लागून मिळालेली धाव, मामाने अवांतरात लिहिला आणि फलंदाजाच्या नावापुढेही लिहिला. म्हणजे सामना बरोबरीत! आणि बरोबरी झाली की कप आधीच्या विजेत्यांकडेच राहणार, असा नियम. म्हणजे कप त्यांचा! वही थापा मारत नाही म्हणे!

आता मी काय गप्प बसणारी आहे का? इतिहास म्हणजे इतिहास! पण मामाला सांगायचं कसं? त्या माणसाने आयुष्यभर दुसरं काही मिरवलंच नाही हो… एकही चूक न केलेला स्कोअरर, बस. म्हणून आधी गाठलं समोरच्या संघाच्या स्कोअररला. निवृत्त पोस्टमास्तर. सामन्यात दोन्ही स्कोअरर एकाच बाकावर बसतात, प्रत्येक षटकानंतर आकडे ताडून बघतात. मग यांना दिसलं नाही?

‘दिसलं की!’ म्हातारा खुर्चीत डुलत म्हणाला. ‘मी आमच्या कॅप्टनला सगळ्या संघादेखत सांगितलंसुद्धा, तुझ्या मामाला तेवढं नाही. तो म्हणाला, राहू दे रे, ओळीने सात वर्षं कप आपल्याकडेच आहे, पुसून पुसून माझी बायको वैतागलीय.’

घ्या! तशीच तणतणत आपल्या तेव्हाच्या कॅप्टनकडे. आता ते स्मरणिका समितीचे अध्यक्ष. म्हटलं, ‘साहेब, कप आपला नाही. मी खरं तेच छापणार!’ वाटलं, माणूस कोसळेल. तर ते शांतपणे चहा फुंकत म्हणाले, ‘आठवड्याभराने कळलं होतं आम्हाला. अकराच्या अकरा जणांना.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘कुणाला बोलू? तुझ्या मामाला? अगं, त्याने त्याच दिवशी वही मिटून ठेवली असती. मग तीन तीन दिवस उन्हात बाकावर बसणारा दुसरा वेडा कुठून आणला असता आम्ही?’ मग हळूच… ‘आणि खरं सांगू? कप परत करता आला असता गं. त्याला काय परत करणार होतो?’

म्हणजे दोन संघ, बावीस खेळाडू, वर एक पोस्टमास्तर, सगळ्यांनी इतकी वर्षं तोंड शिवून ठेवलं, एका माणसासाठी! आणि सत्याचा झेंडा घेऊन मी निघाले होते!

लिहिलं मग. लिहिलं! ‘आपल्या संघाचा एका धावेच्या आघाडीवर ऐतिहासिक विजय.’ छपाईआधी तपासायला मजकूर कुणाकडे? मामाकडेच! चष्मा पुसून, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचला त्याने. सत्तावीस चुका काढल्या माझ्या. त्या पानावर मात्र एक ठसठशीत ‘बरोबर’ची खूण केली, कागद माझ्या हातात दिले आणि म्हणाला, ‘वाईट वाटून घेऊ नकोस हं, पण तुमच्या पिढीला आकड्यांचं गांभीर्यच नाही गं.’

मी म्हटलं, ‘नाही ना, मामा.’