रुमालाखालचं इंजिन

…न्हाई, पन मला एक सांगा, जीप माझी, तिचं इंजिन माझं, फुकट गेलेलं डोकं माझं, मंग गावाला कशापायी पंचाईत? दूध आनायला गेलो तर डेअरीवाला इचारतोय, गिरनीत गेलो तर गिरनीवाला इचारतोय, आन दाढीला बसलो तर न्हावी वस्तरा गळ्याला टेकवून इचारतोय, "काय आबाजी, बांधायचं का आनायचं?" आता वस्तरा गळ्याला असताना मानसानं काय बोलावं? नुसती मान हलवली तरी नुकसान आपलंच!

तुमाला सांगतो, मला तवा ह्यातला फरकबी ठावा नव्हता. बांधायचं म्हंजे आपलंच जुनं इंजिन गाडीतनं उतरवायचं, पार आतड्यापातुर खोलायचं, झिजलंय त्ये बदलायचं आन परत जोडायचं. आनायचं म्हंजे भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीचं चालू इंजिन उचलून आनायचं आन आपल्या गाडीत बसवायचं. एवढं सोपं हाय. मंग अवघड काय? तेच तर मला कळंना ना राव… कळलं असतं तर हितं तुमच्याम्होरं उभा ऱ्हायलो असतो व्हय?

झालं काय, चाकणच्या चौकात, भर सिग्नलला, पुढं कंटेनर, मागं कंटेनर, आन जीपनं एकदा खोकलं, काळा धूर सोडला आन मान टाकली. ढकलत बाजूला घेतली. घरी आलो तर आमचा अजिंक्य, माझाच पोरगा, हिंजवडीला कॉम्प्युटरवर असतो, त्यो म्हनला, "आबा, पोळ्यापर्यंत चालू झाली तर ठीक, नाहीतर भंगारात द्यायची. मग तुम्ही आमच्या गाडीत. मागे बसायचं, निवांत."

मागं. निवांत! अवो, त्याची ती पांढरी गाडी बघितलीय का तुमी? काचा बंद, आत गारठा, आन मागच्या दाराला लहान पोरांसाठी कसलंसं कुलूप, म्हंजे आतनं उघडतच न्हाई. मी एकदा बसलो तिच्यात. सांगवीला भाचीच्या घरासमोर पोचलो, सगळी उतरली, घरात गेली, पोह्याचा वास यायला लागला, आन मी आतनं काच वाजवतोय! तिथं म्हनलं, जीप हाय तवर मी मानूस हाय, जीप गेली की मी मागच्या शीटवरचं गाठोडं. आता आमच्या जीपचं मागचं दारबी आतनं उघडत न्हाई, खोटं कशाला बोला, पोरं पडत्यात म्हनून मीच त्याची आतली मूठ काढून टाकली. पन तिथं पोरं बसत्यात. मी न्हाई बसत.

तवा पोळ्याच्या आत जीप चालू करायची. पन बांधायचं का आनायचं?

आता तुमी म्हनाल, आबाजी, तुमच्या कुरुळीत इंजिनाच्या जानकाराला काय तोटा? व्हय की! आमचं जुंधळ्याचं रान कंपनीत गेलं, तिथं आता इंजिनंच बनत्यात. माझा पुतन्या कुलदीप तिथंच हाय. म्हनलं घरचा वैद्य हाय, इचारून घ्यावं. तर त्यो डोकं खाजवत म्हनला, "काका, मी फक्त डाव्या अंगाचे चार बोल्ट कसतो." म्हनलं मंग उजव्या अंगाचे कोन कसतो, त्याला बोलाव. तर म्हनला, "त्याला मी वळखत न्हाई काका. आमच्या मधी इंजिन असतंय."

बारा वर्सं समोरासमोर उभी हायेत ही दोघं!

मंग गेलो समाधानकडं. ह्यो समाधान म्हंजे चाकणचा मिस्त्री, नाव समाधान, पन गिऱ्हाइकाला कवा मिळाल्यालं मी बघितलं न्हाई. त्यानं बॉनेट उघडलं, बोट घातलं, काळं बोट नाकाशी नेलं, डोळे मिटले. जत्रंतल्या देवऋषीसारखं ध्यान! मंग म्हनला, बाबा, बांधून घ्या, बांधलेलं ते घरचं, आत काय टाकलंय ते आपल्याला माहीत असतं. मला पटलं. म्हनलं बांध. तर त्यानं डबा खाल्ला, हात धुतले, परत बोट घातलं आन म्हनला, आणा बाबा, ह्याच्या आत काही राहिलं नाही, बांधायला काहीतरी शिल्लक तर पाहिजे ना! मलाबी पटलं. अवो, ह्येच तर दुखनं हाय माझं, दोन्ही पटतं! संध्याकाळी शालनबाईला, म्हंजे आमच्या मंडळीला, इचारलं, तर ती भाकरी थापता थापता म्हनली, "तुमचं गुडघं दुखत्यात तर आपन बांधतोय का दुसरं आनतोय? तेल लावून चालवतोय ना?" आता ह्याचा अर्थ काय लावायचा तुमीच सांगा. रातभर मी गुडघा धरून बसलो.

शेवटी म्हनलं, आबाजी, तू बैलं पारखलीस, इंजिन काय चीज हाय? चाकणच्या बाजारात हयात गेली माझी. बैल म्हातारा झाला तर आपन औषधपानी करतो, पन शर्यतीला उभं करायचं म्हनलं तर दुसराच आनतो का न्हाई? बैलं गेली, गोठा पाडून अजिंक्यनं तिथं भाड्याच्या खोल्या काढल्या, तरी पोळा मी सोडला न्हाई. दर पोळ्याला जीप धुतो, बॉनेट उघडतो आन बैलाच्या शिंगाला लावायचा हिंगूळ इंजिनाला लावतो. लोकं हसत्यात. हसू द्या. ठरलं म्हनलं, आनायचं!

चिखलीकडं किसन म्हनून एका म्हाताऱ्याचं भंगाराचं गोडाऊन हाय. कुनीतरी सांगितलं की गाडीच तिथं न्या, कुठलं इंजिन बसतंय त्ये तिथंच बघून देत्यात. म्हनून कुलदीपच्या पिकअपला दोर लावला आन जीप वडत नेली. त्याला शिफ्ट, त्यानं दोर सोडून माझ्या हातात दिला आन गेला. आता बघा हं, नीट ध्यानात ठेवा, हितंच सगळी मेख हाय… मी दोराचं टोक हातात धरून उभा, दुसऱ्या टोकाला जीप.

किसन आला. माझ्याच वयाचा, डोक्याला फेटा, खांद्याला रुमाल. जीपच्या भवती फिरला, टपावर थाप मारली, आन मी काय बोलायच्या आत त्यानं हातावर रुमाल टाकून हात पुढं केला!

अवो, मला भरून आलं. आजकाल हाय का कुनाला ठावं? आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नव्हते, रुमालाखाली एकमेकाची बोटं दाबायची, काय ठरलं त्ये दोघांच्या हाताला ठावं, तिसऱ्याला पत्ता न्हाई. आन रुमालाखालचा शब्द म्हंजे शब्द! बाप आडवा आला तरी फिरायचा न्हाई, ह्ये मी आख्ख्या गावाला सांगत आलोय. मी रुमालाखाली हात घातला. तिथंच मागं चार इंजिनं मांडून ठेवली व्हती, मी त्यातल्या एकाकडं हनुवटी केली. त्यानंबी मान हलवली. झालं, सुरू!

मी चार बोटं दाबली. त्यानं तीन दाबली. मी मनात म्हनलं, आयला, मानूस चांगला दिसतोय, इकनारा असून सोताच भाव उतरवतोय! मंग मी कशाला मागं ऱ्हातो, मी दोन दाबली. त्याचे डोळे मोठे झाले, त्यानं एक दाबलं. मी अर्धं बोट दाबलं! तुमाला सांगतो, भाव असा खाली चालला जसा पोहरा इहिरीत, आन दोघंबी खालीच सोडतोय, वर वडायला कुनीच न्हाई. शेवटी किसनलाच लाज वाटली, त्यानं माझा हात घट्ट धरला, म्हंजे ठरलं. मंग माझ्या बंडीच्या खिशात एक नोट कोंबली. आपल्यात इकनारा शकुनाचा रुपाया परत देतो तसं असंल, असं मला वाटलं. आन मंग त्यानं माझ्या हातातला दोर घेतला. मला वाटलं, म्हातारा मानूस दमला असंल म्हनून घेतोय बिचारा.

त्यानं च्या पाजला. मी इचारलं, उद्या येऊ का? म्हनला, कवाबी या, घर तुमचंच हाय. निघताना बघितलं तर त्याचा पोरगा सनी जीपची चाकं काढतोय. मला वाटलं, इंजिन बसवायची नवी पद्धत असंल. आपल्याला काय कळतंय?

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. जीप इटांवर. बॉनेट उघडं. आत बघितलं तर… कायच न्हाई! खालची जमीन दिसतीया, तिच्यावर एक मांजर झोपलंय! मी सनीला म्हनलं, "आरं, माझं इंजिन कुठाय?" तर त्यो मोबाइलमधनं तोंड वर करून म्हनला, "विकलं ना बाबा." म्हनलं कुनाला इचारून? तर म्हनला, "गाडी काल तुम्हीच विकली. मग आतलं इंजिन आमचंच ना."

मी जाऊन मांजराखालीबी बघितलं.

किसन आला, त्यानं समजावलं, आन तुमाला सांगतो, त्याची काडीची चूक न्हाई! बाजाराचा कायदाच हाय, ज्याच्या हातात कासरा त्यो इकनारा. बैलाचा दोर धरून मी उभा, मंग मी इकायलाच आलोय ना? त्यो त्या जीपचा भाव करत व्हता, मी त्या इंजिनाचा, म्हनून तर दोघं खाली खाली चाललो व्हतो! आन शकुनाचा रुपाया कसला, त्यो जीप घेतल्याचा इसार व्हता. सौदा पक्का. अजिंक्यला फोन लावला तर त्यो म्हनला, पोलिसात जा, वकील बघा, हा कसला व्यवहार. म्हनलं गप. रुमालाखालचा शब्द हाय. मी मोडला तर उद्या गावात तोंड कुठं दावू?

मंग काय केलं? दोर किसनच्या हातात दिला. त्याला जीपपाशी उभा केला. मी समोर गेलो, टपावर थाप मारली, रुमाल टाकला, आन माझीच जीप मी इकत घेतली! मानूस गुनाचा, जेवढी बोटं काल दाबली तेवढीच दाबली, वर कायबी न्हाई. दोर माझ्या हातात देताना म्हनला, "आबाजी, आता सरळ घरी जा. वाटेत कुठं दोर धरून उभं राहू नका."

चाकं लावून जीप परत वडत घरी. आत इंजिन न्हाई. शालनबाई बॉनेटमधी डोकावून म्हनली, "बरं झालं, आता बांधायचं का ह्यो इचार तरी मिटला." बघा, बाईनं एका वाक्यात सोडवलं! आता फक्त आनायचं. त्यात आठ दिस गेले, पोळा तर उंबऱ्यावर आलेला. समाधानकडं पळालो, म्हनलं बाबा, कसलंबी आन, चालू आन. तर त्यो असा खूश, म्हनला, नशीबवान आहात, कालच एक बांधून ठेवलंय, आतून मजबूत निघालं, आजकाल असा माल मिळत नाही! दावलं. चंदेरी रंग मारलेला, नवऱ्यामुलासारखं सजवलेलं. बसवलं, तर बोल्टाला भोक, भोकाला बोल्ट, जसं काय तिथंच जन्मलं. इंजिनाचा नंबर गाडीच्या कागदाशी ताडला तर समाधान म्हनला, "बाबा, देवाची करणी बघा, नंबरसुद्धा तुमच्याच कागदावरचा आहे!"

मी वाकलो. खालच्या अंगाला, जिथं चंदेरी रंगाचा हात पोचला न्हाई, तिथं हिंगूळ. गेल्या पोळ्याचा. माझ्याच बोटाचा ठसा.

मी समाधानकडं बघितलं. त्यो आभाळाकडं बघायला लागला. म्हनलं, आरं, तू तर म्हनला व्हतास आत कायच राहिलं न्हाई! तर म्हनतो कसा, "बाबा, तेव्हा ते तुमचं होतं. किसनकडून घेतल्यावर नीट खोलून बघितलं."

आता बोला! म्हंजे मी बांधलं का आनलं? आनलं म्हनावं तर माझंच, बांधलं म्हनावं तर इकत आनलेलं! मी हिशेब लावायला बसलो आन सोडून दिला. कारन जीप चालू झाली व्हती राव, पोळ्याच्या आदल्या दिवशी, एका फटक्यात! मी चावीला हात घातला…

तर समाधान मधी आला. म्हनला, थांबा, नवीन बांधलंय, पहिले हजार किलोमीटर एकदम हळू चालवायचं, चाळीसच्या वर न्यायचं नाही, नाहीतर पुन्हा बसेल. आन ह्ये आयकायला अजिंक्य तिथं हजर! त्यानं हळूच माझ्या हातातली चावी काढून घेतली. "आबा, तुमचा पाय जड आहे. हजार होईपर्यंत मी चालवतो. आईला पुढे बसू दे, तिला गाडी लागते. तुम्ही मागे बसा. निवांत."

तवा पोळ्याच्या दिवशी, इंजिनाला ताजा हिंगूळ लावून, आमची मिरवनूक निघाली. पुढं अजिंक्य, शेजारी शालनबाई, आन मागं मी. न्हाव्याच्या दुकानापाशी गाडी थांबवली, ती दोघं उतरून नारळ घ्यायला गेली. न्हावी बाहेर आला, काचेला नाक लावलं आन आतल्या माझ्याकडं बघून इचारलं, "काय आबाजी? शेवटी बांधलं का आनलं?"

म्हनलं, बाबा, त्ये मलाबी ठावं न्हाई… तू आदी बाहेरनं दार उघड.