पुतळे हॉकीला जातात

(शिंप्याचं दुकान. कपड्यांच्या दुकानांना भाड्याने द्यायचे पुतळे नुकतेच परत आलेत.)

मास्तर : ह्याचा हात खांद्यातून लोंबतोय, दाजी. आणि हिच्या मफलरमध्ये पॉपकॉर्न.

दाजी : हळू बोला, मास्तर. दार लावा आधी.

मास्तर : बहिणीचा नवरा म्हणून फुकट दिले. म्हणालात, टीमच्या फोटोला हवेत.

दाजी : फोटोच समजा. पालिकेची कमिटी मॅचला आली होती. नव्या स्टेडियमला पैसे द्यायचे, तर पब्लिक किती येतं ते बघणारच.

मास्तर : किती आलं?

दाजी : तुमची बहीण आली होती.

मास्तर : विणकाम घेऊन?

दाजी : खेळाकडे पाठ करून बसली होती. मग काय, मी टीमचा मॅनेजर, मलाच निस्तरायचं. वरच्या रांगांत तुमचे पुतळे बसवले. बर्फावरच्या हॉकीच्या त्या गारठ्यात, टीम मार खात असताना, एक जण उठून गेला नाही!

मास्तर : संस्कार आहेत.

दाजी : एक मेंबर तर ह्या मिशीवाल्याशेजारी जाऊन बसला. अख्खा इंटरव्हल बोलत होता.

मास्तर : हा काय म्हणाला?

दाजी : रिपोर्टात आलंय ना. ‘प्रेक्षकांशी सविस्तर चर्चा केली. कुणाचीही हरकत नाही.’

मास्तर : म्हणजे पैसे पालिकेचे, स्टेडियम तुमच्या मालकाचं.

दाजी : नाही दिले तर टीम दुसऱ्या गावाला नेतो म्हणालेत.

मास्तर : ही टीम? त्या गावाने काय पाप केलंय?

दाजी : ते कुणी विचारलं नाही. आज संध्याकाळी नागरिकांची सभा. अध्यक्षबाई म्हणणार, हरकत असेल त्यांनी हात वर करा. एकही हात वर नाही, विषय मंजूर, चहा.

मास्तर : आणि बांधताय कुठे?

दाजी : तेच सांगायला आलो. ह्या गल्लीत.

मास्तर : ह्या?

दाजी : तुमच्या दुकानावर खेळ नाही येत हो. फक्त पार्किंग येतं.

मास्तर : गाड्यांचं?

दाजी : सायकलींचं.

मास्तर : घरचा माणूस म्हणून निदान गाड्यांचं तरी बघायचं, दाजी.

दाजी : रागावलात?

मास्तर : छे. बाबांनी मला काजं करायला ह्याच मशीनपाशी शिकवलं, तेवढंच. सभेला येणार कोण?

दाजी : मालकाची चार माणसं. बाकी निमंत्रण त्या मॅचच्या प्रेक्षकांना.

मास्तर : सगळ्यांना?

दाजी : कमिटीचा ठरावच आहे, प्रेक्षक हेच नागरिक. मास्तर, फोन कुणाला लावताय?

मास्तर : गाडीवाल्याला. मंडळींना सभेला पोचवायचंय.

दाजी : अहो, माझी नोकरी जाईल!

मास्तर : मग कमिटीला सांगा, हे पुतळे आहेत.

दाजी : ते कसं सांगू?

मास्तर : नाहीच सांगता येणार. नोकरी गेली तर इथे या, दुकान राहिलं तर काज-बटणाला माणूस लागतोच मला. आता हा पाना धरा. हात वर करायचा आणि खांद्यातला बोल्ट आवळायचा.

दाजी : सगळ्यांचा?

मास्तर : उजवा फक्त. मिशीवाल्याचे दोन्ही करा. त्याच्याशी सविस्तर चर्चा झालीय.