धूर साफ, भिंत पांढरी

...आणि भिंत खरवडायला बसला कोण? केयूर! तुम्हाला सांगतो, जव्हारच्या बाजारपेठेत वाढलेला, रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेला मुलगा, मोखाड्याकडच्या पाड्यावर फागूच्या घरात, तोंडाला ओला रुमाल बांधून, पत्र्याच्या तुकड्यानं भिंत खरवडतोय आणि मान वर करत नाही... करणार कुठल्या तोंडानं?

त्याचं असं झालं, फागू जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवून मासेमारीच्या जाळ्यांसाठी वजनं ओततो. विषारी धूर सगळा घरात आणि घरात त्याची एवढीशी पोर, रुपी! केयूरच्या जिवाला चैन पडेना, आणि बरोबरच होतं हो त्याचं. त्यानं भट्टीवर धुराडं चढवलं, त्यात जाळीचा डबा, डब्यात आम्लात धुऊन भाजलेल्या पांढऱ्या मातीच्या गोळ्या. तापलेल्या धुरातलं शिसं त्या मातीला चिकटतं. मग पाड्यासमोर भाषण, "ही माती लई गुणाची. एकदा धरलं की सोडत नाही."

आणि धरलं की! धूर साफ. केयूरनं वापरलेल्या गोळ्या काढल्या, नव्या भरल्या, जुन्या दाराशी ओतल्या आणि मोटारसायकलला किक मारून ऐटीत निघून गेला. आता मला सांगा, एकदा धरलं की सोडत नाही, मग धरलेलं शिसं गेलं कुठं? हा प्रश्न एम.एस्सी.ला पडू नये?

होळी आली. होळीला इथं भिंती सारवतात, रंगवतात, हे जव्हारच्या पोराला कुणी सांगायचं? फागूच्या बायकोनं, सुकरीनं, गोळ्या कुटल्या, पाण्यात कालवल्या, भिंतीला दिल्या. केयूर आला तर भिंत कशी लख्ख... आणि रुपी तिला जीभ लावून उभी!

"अगं, ही कशाला लावली?"

"तूच बोलला ना, लई गुणाची? मग टाकून कशाला देऊ?" मग सुकरीनं रुपीला भिंतीपासून ओढलं. "पोरीला काय होईल का रं?"

रुपीला घेऊन तो दवाखान्यात धावला. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत तो दवाखान्याच्या पायरीवरून हलला नाही. निभावलं... डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. सुकरीनं त्याला चहा दिला. शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या हो, तो चहा गिळायचा कसा?

खरवडलेली माती आता झाकणबंद पिंपात. ते पिंप ग्रामपंचायत घेईना, दवाखाना घेईना, भंगारवाला तर लांबूनच हात जोडतो. शेवटी आणलं केयूरनं स्वतःच्या घरी, अंगणाच्या कोपऱ्यात. त्याची आई प्रेमलाबाई रोज तुळशीला पाणी घालताना विचारतात, "केयूर, हे कधी जायचं इथून?"

केयूर पिंपाकडे बघतो, आईकडे बघत नाही. "आई, ही माती ना... एकदा धरलं की सोडत नाही."